गळाच्या दोरीचा पीळ
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण चक्रीच्या गळाने मासे धरणाऱ्यास फार लवकर पटते. मोठा मासा लागावा आणि नेमकी त्याच वेळी पिळाने गुंतलेली दोरी तुटावी, यासारखी हळहळ नाही.

हा पीळ येतो कोठून? ब्रॅडफर्ड येथील कापड-व्यावसायिक आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली स्थिर रिळाच्या चक्रीचे पेटंट घेतले. तिच्यात रीळ फिरत नाही. भोवतालची कमान फिरून दोरी गुंडाळते. गुंडाळताना दर वेढ्यास एक पीळ पडतो, फेकताना तो उलगडतो. जमाखर्च बरोबर जुळतो.

तो बिघडतो माणसाच्या उतावळेपणाने. मासा दोरी ओढून नेत असता मूठ फिरवीत राहिले, तर दोरी आत येत नाही. पीळ मात्र चढतो. मुठीच्या एका फेऱ्यास कमान पाच वेळा फिरत असेल, तर दहा फेऱ्यांत पन्नास पीळ पडतात! जाणता माणूस अशा वेळी हात आवरतो. मासा दमला की काठी सावकाश उचलतो आणि ती खाली आणताना सैल झालेली दोरी गुंडाळतो. गिरक्या घेणाऱ्या आमिषापुढे तो फिरती कडी बांधतो.

एवढे करूनही पीळ पडलाच, तर आमिष व कडी काढून मोकळी दोरी वाहत्या पाण्यात सोडावी. प्रवाहच तो उलगडतो. वैतागून ती तोडून फेकू मात्र नये. नायलॉन लवकर कुजत नाही, आणि पाणपक्ष्यांच्या पायांना त्याचा फास बसतो.