शरदातली पायवाट आणि गटाची वही

कुणी भाकरी थापत असेल, कुणी खळ्यात शेंगा निवडत असेल, कुणी नुकतीच शेतातून येऊन टेकली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आम्ही म्हसावदच्या बाया आज तुमच्याशी चालण्याबद्दल बोलणार आहोत.

चालायला जाऊ या म्हटलं की आपल्यात आधी हसू फुटतं. "दिवसभर काय बसलेलो असतो का?" असं कुणीतरी म्हणतंच. खरं आहे. शेतात चालतो, पाण्याला चालतो, गवताला, सरपणाला चालतो. पण त्या चालण्यात डोक्यावर भारा असतो आणि मनात घरची घाई असते. नजर पायाखाली असते, झाडाकडे जातच नाही. आम्ही सांगतोय ते चालणं वेगळं आहे. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळचा एक तास, हात मोकळे ठेवून आणि चार-पाच जणींनी मिळून. त्याला आश्विन-कार्तिकासारखा दुसरा महिना नाही.

आपण सातपुड्याच्या पायथ्याला राहतो. म्हसावदहून उत्तरेला तोंड केलं की डोंगराची ओळ दिसते. वर तोरणमाळ आहे, तिथला यशवंत तलाव आणि सीताखाई बघायला लांबून माणसं येतात. आपल्याला मात्र तेवढ्या लांब जायची गरज नाही. गावाबाहेरचा बांध, नाल्याकाठची वाट, डोंगराकडे जाणारी गाडवाट पुरे आहे. कधी तोरणमाळला गेलातच, तर सोबत एखादी शाल ठेवा. हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी थंड होते, आणि तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वरच आहे. म्हणून खाली घामाच्या धारा लागलेल्या असतात, तेव्हा वर वारा अंगाला झोंबतो.

आता या ऋतूचं थोडं समजून घेऊ. पाऊस थांबला की ऊन एकदम का तापतं? आकाश धुतल्यासारखं निवळलेलं असतं, ऊन अडवायला ढग नसतो. जमीन मात्र अजून ओली असते. उन्हानं तिच्यातली वाफ वर येते आणि अंग चिकचिकतं. हीच आपली ऑक्टोबर हीट. रात्री तेच मोकळं आकाश जमिनीची ऊब सोडून देतं, म्हणून पहाटे गवतावर दव पडतं. वाराही पालटतो. पावसाळाभर नैऋत्येकडून येणारा वारा आता ईशान्येकडून येऊ लागतो. दुपारी ओल्या, तापलेल्या जमिनीवर ढग उभे राहिले, तर संध्याकाळी गडगडाट होऊन परतीचा पाऊस कोसळतो. म्हणून फिरायला जायचं ते सकाळीच.

वाटेवर बघायला काय आहे? सागाचं एक पान हातात घ्या. या दिवसांत पुष्कळ पानांची नुसती जाळी उरलेली दिसते. अळीनं हिरवा भाग खाल्लेला असतो आणि शिरा तेवढ्या राहतात. टाकळ्याच्या शेंगा वाळायला लागतात. नदीकाठच्या गवताला पांढरे तुरे येतात. सीताफळाचे डोळे उघडू लागतात. आवळी फळानं लगडते. पाण्याच्या कडेला शेपटी खालीवर करत तुरुतुरु चालणारा धोबी पक्षी दिसला, तर समजा की उत्तरेचे पाहुणे आले. तो उन्हाळ्यात आपल्याकडे नसतो, थंडीपुरता येतो. शेतावर चतुर घिरट्या घालत असतात. त्यांतली एक जात या पालटलेल्या वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आफ्रिकेपर्यंत जात असावी, असं अभ्यासक मानतात. बोटाएवढा जीव, आणि केवढा प्रवास!

आपल्या आज्या-सासवांनी हा ऋतू नक्षत्रांवर बांधला होता. साधारण २७ सप्टेंबरला हस्त, १० ऑक्टोबरच्या सुमारास चित्रा, २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वाती. गुलाबाई-भुलाबाईची गाणी कोजागिरीला संपली की पाऊसही संपला असं धरलं जाई. त्याच हिशेबानं बाजरी खळ्यात यायची आणि मिरची पथारीवर पडायची.

हा हिशेब आता हलला आहे, आणि हे आपल्यालाच वाटतं असं नाही. हवामान खात्यानं २०२० मध्ये मोसमी पावसाच्या तारखा नव्यानं ठरवल्या. राजस्थानातून पाऊस परत फिरण्याची तारीख आधी १ सप्टेंबर धरत, ती १७ सप्टेंबर झाली. मुंबईतून पाऊस जाण्याची तारीख २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. २०१९ मध्ये तर राजस्थानातून परतीची सुरुवातच ९ ऑक्टोबरला झाली. इतका उशीर त्याआधी नोंदलेला नव्हता. नंतर २६ नोव्हेंबर २०२३ आठवा. कार्तिकाचा मध्य, थंडीचे दिवस. त्या दिवशी शेजारच्या गुजरातेत अवकाळी पावसात वीज पडून वीसपेक्षा जास्त माणसं गेली. त्याच वेळी उत्तर महाराष्ट्रात गारपीट झाली.

हे आपल्या घरापर्यंत कसं पोचतं ते तुम्हाला सांगायला नको. नंदुरबारच्या लाल मिरचीच्या पथारी उघड्या आकाशाखाली असतात. एका रात्रीचा पाऊस, आणि मिरची काळी पडते. माल व्यापाऱ्याचा असतो, पण तिथं खुडायला, वाळवायला जाणाऱ्या बाईची मजुरी बुडते. कापलेलं सोयाबीन भिजलं तर दाणा डागाळतो. फुटलेला कापूस भिजला तर भाव उतरतो. हवामान बदलाची बैठक मोठ्या शहरात होते, पण भिजलेला कापूस वेचायला आपणच वाकतो.

म्हणून आमचं म्हणणं असं की चालायला जाल तेव्हा नुसतं बघून येऊ नका, बघितलेलं लिहून ठेवा. "पूर्वी असं नव्हतं" हे वाक्य आपण सगळ्याच म्हणतो. पण पूर्वी म्हणजे कधी, आणि असं म्हणजे कसं, हे विचारलं की आपण गप्प होतो. आपल्याजवळ आठवण आहे, नोंद नाही.

नोंद किती मोलाची असते, आणि खोटी नोंद किती नुकसान करते, याची एक गोष्ट आपल्याच शहाद्याची आहे. ती आपल्या मुलांना शाळेच्या पुस्तकाआधी आपण सांगायला हवी.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड आहे. गावातल्या वडा-पिंपळावर दिसतो तो साधा पिंगळा, त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, ठिपके नावालाच. पोट पांढरं, शेपटीवर रुंद पट्टे. आणि घुबड असूनही तो दिवसाउजेडी उन्हात फांदीवर बसतो. एकोणिसाव्या शतकात याचे मोजके सात नमुने गोळा झाले होते. त्यांतले काही आपल्या खानदेशातून डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं जमवले. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला सापडला नाही. तो संपला, असं बहुतेकांनी मानलं.

मधे माइनर्ट्झहॅगन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं सांगितलं की १९१४ मध्ये गुजरातेतल्या मांडवीला मला हा पक्षी मिळाला. पुढं सालिम अलींसारख्या मोठ्या पक्षितज्ज्ञांनी याचा शोध घेतला, पण या नोंदीनं शोधाची दिशाच चुकवली. पक्षी मिळाला नाही. अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन या अभ्यासक बाईनं तो नमुना बारकाईनं तपासला. तेव्हा कळलं की तो मांडवीचा नव्हताच. डेव्हिडसननं जमवलेलाच एक नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली होती.

खोटी नोंद बाजूला काढल्यावर खरी ठिकाणं उरली. त्यांतलं एक आपला खानदेश. रासमुसेन आणि त्यांचे सोबती बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट आधी पूर्वेकडच्या जुन्या ठिकाणी फिरले, तिथं काही मिळालं नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याच्या रानात, त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. नंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी तोरणमाळच्या जंगलात राहून त्याचा अभ्यास केला. त्यातही फराह इश्तियाक ही बाई पुढे होती.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. जगानं संपला म्हटलेला पक्षी आपल्या वाटेवर बसलेला होता. तिथं गवताला, सरपणाला जाणाऱ्या कितीतरी बायांच्या डोक्यावरच्या फांदीवर तो असेल. कुणी त्यांना विचारलं नाही, आणि त्यांच्याकडे वही नव्हती. दुसरी गोष्ट, एका माणसाच्या खोट्या चिठ्ठीनं पिढ्यांचा शोध आडवाटेला लागला. म्हणून आपल्या वहीचा पहिला नियम हाच: पाहिलं तेच लिहायचं. ऐकलेलं असेल तर "ऐकलं" असं लिहायचं. काही दिसलं नाही, तर "दिसलं नाही" हेही लिहायचं.

वही साधी शाळेची चालेल. पाच रकाने आखा: तारीख, वाट, आकाश व वारा, झाडं, पशुपक्षी. वाट दर वेळी तीच ठेवा, म्हणजे या वर्षीचं पुढच्या वर्षाशी ताडून बघता येईल. पहिलं दव कधी पडलं, परतीचा शेवटचा पाऊस कोणत्या तारखेला आला, सीताफळाचे डोळे कधी उघडले, धोबी कधी दिसला, आपल्या वाटेवरचा नाला कधी आटला. बचतगटात लिहिणारी एखादी असतेच. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, तिची नजर बहुतेक वेळा जास्त पक्की असते. शाळेतल्या मुलींना सोबत घ्या. पाच वर्षांची अशी वही गटाजवळ असली, तर ग्रामसभेत, कृषी सहायकापुढं "पाऊस बदलला" एवढंच म्हणून थांबावं लागणार नाही. तारखा वाचून दाखवता येतील. आणि आपल्यालाही ठरवता येईल की मिरची कधी पसरायची आणि ताडपत्री कधी हाताशी ठेवायची.

आता जिवाची काळजी. आश्विनात गवत छातीला लागतं, साप दिसत नाही. पायात बूट घाला, हातात काठी ठेवा, काठी आपटत चाला. साप चावलाच तर चिरू नका, दोरीनं आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. उसाच्या कडेनं, पहाटेच्या किंवा सांजेच्या अंधुक उजेडात एकटीनं जाऊ नका, बिबट्याचा वावर असतो.

विजेचं सगळ्यात महत्त्वाचं. वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजा. दर तीन आकड्यांना एक किलोमीटर धरा. तीसच्या आत गडगडलं, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात शिरा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. घर जवळ नसेल, तर एकट्या झाडाखाली कधीच थांबायचं नाही. एकमेकींपासून लांब व्हा, दोन्ही पाय जुळवून उकिडव्या बसा, जमिनीवर आडव्या होऊ नका. मोबाइलवर 'दामिनी' नावाचं ॲप मिळतं. पुण्याच्या संस्थेनं ते केलं आहे, आसपास वीज चमकत असेल तर सूचना देतं. गटातल्या एकीच्या तरी फोनवर ते असू द्या.

शेवटी एक मागणं. रानपिंगळा झाडाच्या ढोलीत घर करतो. त्याचा विणीचा काळ ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत, म्हणजे आपण सरपण साठवतो तेच दिवस. सरपणाला गेलात तर पडलेल्या, वाळलेल्या फांद्या घ्या. ढोलीचं जुनं झाड उभं राहू द्या. घुबड अपशकुनी म्हणून कुणी त्याला दगड मारत असेल, अंडी काढत असेल, तर हात धरा. ते उंदीर खातं, सरडे खातं, शेताचं राखण करतं. आता जगात हे पक्षी थोडेच उरलेत, आणि त्यांतले काही आपल्या सातपुड्यात आहेत.

तर मग, येत्या रविवारी सकाळी वही घ्या, काठी घ्या, पाण्याची बाटली घ्या. दोघी जणी असलात तरी निघा. कोणती वाट धरली आणि काय दिसलं, ते आम्हाला पत्रानं कळवा. पुढच्या वेळी तुमच्या वह्यांतल्या नोंदी इथं वाचून दाखवू. नमस्कार!