कातडं उलटं करून पाहा

टॅक्सिडर्मीच्या कामात हात असलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

डोक्या-खुरांसकट जमिनीवर अंथरायचा गालिचा करायचा असला, की कातडं बहुधा वरूनच पाहिलं जातं. केसांची चमक, रंग, आकार. माझं आग्रहाचं सांगणं आहे, ते आधी उलटं करा. पोटाकडे हिरवट छटा आहे का पाहा. मग कानाच्या मुळाशी, ओठांच्या कडेला, खुरांच्या वर चिमटीत केस धरून हलकेच ओढा. झुपका हाती आला, तर ते कातडं परत करा. जनावर मेल्यावर जिवाणू केसांची मुळं सैल करतात आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात याला काही तास पुरतात. एकदा सुटलेली मुळं तुरटीने, आम्लाने, कशानेच पुन्हा धरत नाहीत.

म्हणून निवड दुकानात होत नाही, खाटकाकडे होते. त्याच्या रोजच्या पद्धतीत डोकं आणि पाय आधीच वेगळे होतात. ते कातडं इतर कामांना उत्तम, पण आपल्याला चेहरा हवा असतो: पापण्या, ओठांची आतली कड, नाकपुड्या, खूर. आदल्या दिवशी जाऊन सांगावं लागतं, की चिरा पोटाच्या मधोमध आणि पायांच्या आतल्या बाजूने घ्या. काढल्या काढल्या चरबी खरवडून बारीक मीठ चोळायचं, कातड्याच्या वजनाइतकं. दुसऱ्या दिवशी ओलं मीठ झटकून नवं घालायचं. उन्हात ताणून वाळवलेलं कातडं मी स्वतः कधीच घेत नाही. चरबी आत भाजून बसते आणि कमावताना तिथेच ते फाटतं.

आणखी एक पाहायचं ते लोकरीचं. दख्खनी मेंढी घेताना धनगराला विचारा, कातरणी कधी झाली, कारण लोकरीची लांबी त्यावरच ठरते. उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलाच्या बाबतीतही अशीच वेळ पाहावी लागते: वसंत सरत आला की अंग घासून केस विरळ झालेले असतात, शरदात ते दाट असतात.

म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांच्या टॅक्सिडर्मीच्या कारखान्यातून वाघ-बिबट्यांचे असे असंख्य गालिचे बाहेर पडले. त्यांची कारागिरी मी मानतो. त्यातही मला मोठी वाटते ती एक गोष्ट: कातडं कसं काढावं, कसं जपावं, याच्या सूचना त्यांनी शिकाऱ्यांसाठी छापल्या होत्या. चांगलं काम आपल्या टेबलाच्या कितीतरी आधी सुरू होतं, हे त्यांना ठाऊक होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची ती दुनिया संपली, १९९९मध्ये कारखानाही बंद झाला. ती दुनिया परत यावी असं मला मुळीच वाटत नाही. आज कुणी बिबट्याचं कातडं घेऊन दारात आलं, तर केस तपासत बसू नका, वनखात्याला कळवा. आपल्याला गालिच्यासाठी शेळी-मेंढी पुरेशी आहे आणि तिच्यातही कसब पणाला लागतं.

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडी कमावणारे आपले जुने कारागीर बोटांनी कातड्याची जात ओळखतात. त्यांना आपण अशा परिषदांना फारसं बोलावलेलं नाही, याची मला खंत आहे. पुढच्या अधिवेशनात एक सत्र त्यांच्याकडे द्यावं. आणि खाटीक, धनगर, पशुवैद्य यांच्यासाठी चिरा, मीठ आणि सावलीतली वाळवण समजावणारं एक सचित्र मराठी पत्रक काढावं, असा ठराव मी आज आपल्यापुढे मांडतो.