फळ, कर्तव्य आणि शील
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वेलचेरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आनंदसोहळ्याच्या प्रसंगी नीतिशास्त्रासारखा रुक्ष विषय घेऊन उभे राहणे हे एक धार्ष्ट्यच होय. परंतु ज्या वेलचेरीत आपण आज जमलो आहोत तिनेच मला हा विषय शिकविला, म्हणून तिच्यापासूनच प्रारंभ करतो.

२०१५ सालच्या १ डिसेंबरची रात्र आपणांपैकी अनेकांना आठवत असेल. आमच्या इमारतीचा तळमजला पाण्यात होता. वीज नव्हती, दूरध्वनी मुके झाले होते. तळमजल्यावरच्या वृद्ध शेजारीणबाई, ज्यांना आम्ही सारे पाट्टी म्हणत असू, त्या दुसऱ्या मजल्यावर आमच्याकडे आल्या होत्या. त्यांचा मुलगा अड्यार नदीच्या बाजूला कामावर गेलेला, तो परतला नव्हता. पाट्टींना हृदयविकार होता. मध्यरात्री त्यांनी विचारले, "त्याचा काही निरोप आला का?" मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितले, "आला. तो सुखरूप आहे." निरोप आलेला नव्हता. पाट्टी झोपी गेल्या. माझी झोप मात्र गेली.

तिसऱ्या दिवशी मुलगा कोळ्यांच्या होडीतून घरी आला. सर्वांनी मला शाबासकी दिली. परंतु तो परतला नसता तर? माझे वाक्य तेच राहिले असते, मग पहिल्या प्रसंगी ते पुण्य आणि दुसऱ्या प्रसंगी पाप कसे ठरावे?

बेंथॅम आणि मिल ह्या इंग्रज तत्त्वज्ञांनी मांडलेला उपयुक्ततावाद, किंवा अधिक व्यापक अर्थाने परिणामवाद, असे सांगतो की कृतीची योग्यायोग्यता तिच्या परिणामांवरून ठरते. ह्या मताने माझे असत्य क्षम्य, कदाचित कर्तव्यही. उलट कांटने १७९७ साली एका निबंधात असे प्रतिपादिले की, मारेकऱ्याने आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारला तरीही खोटे बोलण्याचा अधिकार आपणांस नाही. आपल्या महाभारताला हे पटत नाही. कर्णपर्वातील कौशिक नावाचा सत्यव्रती दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची वाट खरीखरी सांगतो आणि त्या सत्यापायीच नरकात जातो. मात्र तेच महाभारत द्रोणवधाच्या वेळच्या अर्धसत्याबद्दल धर्मराजालाही नरकदर्शन घडविते. म्हणजे आपल्या परंपरेने प्रश्न सोपा करून टाकलेला नाही.

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त ह्या प्रश्नाचा सविस्तर विचार केला आहे. तेथे त्यांनी अमेरिकेतील एका शहराचे उदाहरण दिले आहे. ट्राम लोकांना हवी होती, मंजुरीला विलंब होत होता, तेव्हा व्यवस्थापकाने अधिकाऱ्यांना लाच देऊन ती मिळविली. ट्राम झाली, लोकांची सोय झाली, तरी लाच ही लाचच राहिली. पुष्कळांचे हित झाले एवढ्यावरून कर्त्याची बुद्धी शुद्ध ठरत नाही, हा टिळकांचा मुद्दा आहे.

आता घरातून नगराकडे वळू. चेंबरमबाक्कम तलावाची साठवणक्षमता सुमारे ३,६४५ दशलक्ष घनफूट आहे. त्या १ डिसेंबरला तेथून सेकंदाला सुमारे २९,००० घनफूट पाणी अड्यार नदीत सोडले गेले. २०१८ साली विधानसभेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने त्या आपत्तीला मानवनिर्मित म्हटले आणि पाणी सोडण्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला. परंतु तलाव आधीच बराच रिकामा करणे हाही निर्णय निर्धोक नव्हता. ह्याच चेन्नईचे तलाव २०१९ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले, जसे २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला न्यावे लागले होते. पूर आणि तहान ह्या दोन्ही पारड्यांत माणसेच असतात. म्हणून परिणामवादाला आकडेमोडीपासून सुटका नाही. मात्र ती आकडेमोड निर्णयाच्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीवरच तपासली पाहिजे. मागाहून कळलेल्या फळावरून नव्हे. शिवाय खालच्या वस्त्यांना वेळेवर सूचना देणे हे असे कर्तव्य आहे की ज्याला कोणतीही बेरीज-वजाबाकी लागत नाही.

आपल्या वेलचेरीचे पाणी बहुतांशी वेगळे होते. आसपासचे तलाव आक्रसले, त्यांचे पाणी जिथे जाऊन विसावत असे ती पळ्ळिकरणैची पाणथळ भूमीही इमारतींनी आणि कचऱ्याने आक्रसत गेली. तिला २०२२ साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण तोवर फार उशीर झाला होता. येथे एकेकट्या घराने कुणाचेच नुकसान केले नाही; सर्वांनी मिळून केले. माझ्या एकट्याच्या घराने काय बिघडते, असे म्हणणाऱ्याला कांटचा प्रश्न विचारावा लागतो: सर्वांनीच असे केले तर? २०२४ च्या ऑक्टोबरात अतिवृष्टीच्या इशाऱ्यानंतर लोकांनी आपल्या मोटारी वेलचेरीच्या उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या, तेव्हाही माझ्या मनात हाच प्रश्न आला. कर्ज काढून घेतलेली मोटार वाचविणाऱ्याला मी दोष देत नाही. परंतु त्याच पुलावरून रुग्णवाहिकेलाही जायचे असते.

तात्पर्य, तीन प्रश्न प्रत्येक वेळी विचारावेत. ह्यातून कोणाला काय भोगावे लागेल? सर्वांनी असेच केले तर चालेल काय? आणि हे करून मी कसा माणूस होतो आहे? पहिला परिणामवादाचा, दुसरा कर्तव्यवादाचा, तिसरा शीलवादाचा. एकाच प्रश्नावर विसंबणारा माणूस कधीतरी फसतोच.

मी स्वतः कसा फसलो ते सांगून संपवितो. पुढे काही महिन्यांनी पाट्टींपाशी मी माझे असत्य कबूल केले. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होते. निरोप आला असता तर मी विचारीपर्यंत तुम्ही थांबला नसता. तुम्ही उशाशी बसून राहिलात, म्हणून मला झोप लागली." ज्या असत्याच्या फळाचा मी हिशेब मांडीत होतो, ते फळ त्या असत्याचे नव्हतेच! "अजून कळले नाही, पण आम्ही जवळ आहोत," एवढे सत्य पुरेसे होते. ते सांगण्याचे धैर्य मजपाशी नव्हते आणि त्या भित्रेपणाला मी दया हे नाव दिले होते.

आपण गावापासून दूर राहतो. रात्री धावून येणारे सगेसोयरे येथे नाहीत. म्हणून मंडळाला एकच विनंती आहे. पावसाळ्यापूर्वी, डोके शांत असताना, कोणत्या घरी वृद्ध, रुग्ण व तान्ही मुले आहेत ह्याची यादी कागदावर करून ठेवा आणि प्रथम कोणाकडे जायचे ते ठरवा. त्या यादीत मराठी घरांबरोबर शेजारच्या पाट्टींचेही नाव असू द्या.