अंधारातले अर्धे मिनिट

जबलपूरच्या माणसाला दारूगोळ्याचे नवल वाटावे असे काही उरलेले नाही. तोफगाड्यांचा कारखाना येथे १९०४ सालापासून आहे आणि खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली उभा राहिला. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात जपानी आरमाराची विमानवाहू जहाजे हिंदी महासागरात शिरली. कोलंबोवर हल्ला झाला, विशाखापट्टणम व काकीनाडा येथे बॉम्ब पडले. या मोहिमेत खोल समुद्रावरील युद्धनौका बुडविण्याचे काम प्रामुख्याने सूर मारून बॉम्ब टाकणाऱ्या विमानांनी केले. अशा विमानांच्या वैमानिकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आठवणी लिहिल्या. त्या आठवणींवर कितपत विसंबावे, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

आडव्या उड्डाणातून टाकलेला बॉम्ब वळणे घेत पळणाऱ्या जहाजावर क्वचितच पडे. म्हणून हा वैमानिक तीन-चार हजार मीटर उंचीवरून विमानाचे नाक लक्ष्यावर रोखून जवळजवळ उभाच खाली येई. पंखांखालच्या झडपा वेग आवरून धरीत. जपानी विमानात मागे बसलेला जोडीदार उंचीचे आकडे ओरडून सांगत राही. सुमारे पाचशे मीटरवर बॉम्ब सुटे, आणि वैमानिक सर्व बळ एकवटून विमान वर उचलू लागे. तेव्हा डोक्यातील रक्त खाली उतरून त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. सगळा प्रकार जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. या अर्ध्या मिनिटाची वर्णने आठवणींच्या पुस्तकांत सर्वांत जिवंत असतात आणि बहुधा खरीही असतात. कानांतील दडा, छातीवरचा भार माणूस सहसा विसरत नाही. परंतु एक गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. बॉम्ब आदळतो नेमक्या त्याच वेळी टाकणाऱ्याची दृष्टी मंदावलेली असते आणि त्याची पाठ लक्ष्याकडे वळलेली असते. नेम लागला की नाही, हे त्याला पुष्कळदा दुसऱ्याने सांगितलेले असते.

५ एप्रिल १९४२ ची दुपार घ्या. श्रीलंकेच्या नैर्ऋत्येस ‘डॉर्सेटशायर’ व ‘कॉर्नवॉल’ या दोन ब्रिटिश क्रूझरांना एगुसा ताकाशिगे यांच्या नेतृत्वाखालील ५३ विमानांनी गाठले. विमाने सूर्याच्या दिशेने आली आणि अर्ध्या तासाच्या आत दोन्ही जहाजे तळाशी गेली. वरून पाहिले तर ही कौशल्याची परिसीमा होती. आरमारी इतिहासकार आजही तिचा दाखला देतात. खाली मात्र शेकडो माणसे तेलाने माखलेल्या पाण्यात, उष्ण कटिबंधातल्या उन्हात आणि मग रात्रभर, लाकडाच्या फळ्यांना धरून होती. दुसऱ्या दिवशी १,१२२ जणांना वर काढण्यात आले. ४२४ जण परतले नाहीत. हे आकडे वैमानिकाच्या पुस्तकातून मिळणार नाहीत. त्यासाठी त्याने लबाडी केलेली असावी लागत नाही. त्या वेळी तो आपल्या जहाजाच्या शोधात निघून गेलेला असतो, आणि ती चिंता काही लहान नसे.

फुचिदा मित्सुओ यांचे उदाहरण याहून अवघड आहे. ते सूर मारणारे वैमानिक नव्हते, पण पर्ल हार्बरवरील हल्ल्याचे हवाई नेतृत्व त्यांचेच होते. मिडवेच्या लढाईच्या वेळी आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेमुळे ते ‘अकागी’ या जहाजावर उड्डाणाविना होते. ओकुमिया मासाताके यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘मिडवे’ हे पुस्तक १९५१ साली जपानीत व १९५५ साली इंग्रजीत आले. ४ जून १९४२ रोजी प्रतिहल्ल्याची जपानी विमाने डेकवर सज्ज होती आणि ती सुटण्यास पाच मिनिटे उरली असतानाच अमेरिकन विमाने वरून कोसळली, असे त्यात सांगितले आहे. ही पाच मिनिटे पुढे असंख्य पुस्तकांत गेली. २००५ साली जोनाथन पार्शल व अँथनी टली यांनी जपानी कागदपत्रे तपासून दाखवून दिले की, ती विमाने तेव्हा डेकखालच्या कोठारांतच होती. पाच मिनिटांनी हुकलेला विजय हा दैवाचा खेळ ठरतो. तासभर आधीच फसलेला बेत मात्र सेनापतींच्या पदरात पडतो. पराभूत आरमाराच्या अधिकाऱ्याला यांतले कोणते सांगणे सोसवले, हे उघड आहे.

पण प्रत्येक आठवण अशी सोयीची नसते. ‘अकागी’वरूनच पर्ल हार्बरवर सूर मारणारे आबे झेंजी यांनी १९९१ साली, हल्ल्याच्या पन्नासाव्या स्मृतिदिनाच्या वेळी, रिचर्ड फिस्के या जुन्या अमेरिकन नौसैनिकाच्या हाती पैसे दिले आणि ‘अरिझोना’च्या स्मारकावर दर महिन्याला गुलाब ठेवण्याची विनंती केली. फिस्के हे हल्ल्याच्या वेळी ‘वेस्ट व्हर्जिनिया’ जहाजावर बिगुल वाजविणारे होते. गुलाबांबरोबर ते बिगुलही वाजवीत. आबे यांच्या आठवणी इंग्रजीत यायला २००६ साल उजाडले.

आपल्याकडे ‘विक्रांत’वरील सी हॉक विमानांनी ४ डिसेंबर १९७१ रोजी कॉक्स बाजारच्या धावपट्टीवर हल्ला केला. ही जेट विमाने. जुन्या अर्थाने सूर मारणारी नव्हेत. त्यांच्या तुकडीचे प्रमुख संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळाले. पूर्व विभागाचे नौदलप्रमुख कृष्णन यांनी पुढे त्या युद्धावर ‘नो वे बट सरेंडर’ हे पुस्तक लिहिले. ‘विक्रांत’च्या एका बॉयलरला तडे गेले होते आणि वेग रोखूनच तिला युद्धात उतरावे लागले, हे आता सर्वज्ञात आहे. पण उरलेल्या बॉयलरांपाशी उभ्या राहिलेल्या खलाशांनी, विमानांना बॉम्ब जोडणाऱ्या हातांनी फारसे लिहिलेले नाही. खमरियात दारू भरणाऱ्या कामगारांचेही तेच. त्यांतले कित्येक निवृत्त होऊन याच शहरात राहिले. येथील एखाद्या ग्रंथालयाने वही घेऊन त्यांच्या घरी जावे. विमानाच्या पंखाखाली जाण्याआधी बॉम्ब कोणकोणत्या हातांतून जातो, हे वैमानिकाला सांगता येणार नाही.