धूर दिसत नाही म्हणून



 वर्षभरातल्या इंजिन-संशोधनाचा आढावा संमेलनाच्या छापील अहवालात आहे. तो तिथेच वाचा. मला एकाच गोष्टीवर बोलायचं आहे आणि त्यासाठी दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गाइतकी योग्य जागा नाही. याच रस्त्यावर, फरीदकोट हाऊसमध्ये, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसतं. एप्रिल २०१५मध्ये त्याने दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना दिल्लीत बंदी केली. मार्च २०१९मध्ये त्यानेच फोक्सवॅगनला ५०० कोटींचा दंड ठोठावला, कारण पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या चाचण्यांत तिच्या डिझेल गाड्या रस्त्यावर मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजन ऑक्साइड सोडताना आढळल्या. पहिल्या निकालात गाडीचं वय मोजलं गेलं, दुसऱ्यात नळीतून बाहेर काय येतं ते. माझ्या मते कसोटी दुसरीच खरी.

का, ते इंजिनात डोकावलं की कळतं. जुन्या पंपाच्या इंजिनात डिझेल एकदम आत येई, पेटायला क्षणभर उशीर होई, तेवढ्यात साठलेलं सगळं एका दणक्यात जळे. ती ओळखीची खडखड म्हणजे दाबाची ही उसळी. सगळ्या इंजेक्टरांसाठी एकाच नळीत जास्त दाबाने डिझेल भरून ठेवणाऱ्या कॉमन रेलने हे बदललं. १९९७च्या अल्फा रोमिओ १५६मध्ये १,३५० बार दाब होता. आज तो २,००० बारच्या पुढे गेला आहे. इंजेक्टर आधी थोडंसं डिझेल सोडतो, ते पेटतं, आणि मुख्य फवारा त्या आगीत पडतो. दाब सावकाश चढतो, आवाज मरतो. बारीक छिद्रांतून जोराने निघालेले थेंब नीट जळतात, काजळी घटते, मायलेज वाढतं. मात्र ज्या तापमानाने मायलेज मिळतं, त्यानेच नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. फवारा उशिरा सोडला तर ते घटतात, पण काजळी आणि इंधनाचा खर्च वाढतो. आवाज मारणारा तो पहिला फवाराही कधी काजळी वाढवतो, कारण मुख्य डिझेल हवेत मिसळण्याआधीच पेटतं. कॉमन रेलने हा तिढा सुटला नाही. निवड आपल्या हाती आली एवढंच, आणि ती निवड सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेली असते, जिथे कान पोचत नाही आणि डोळाही पोचत नाही.

प्रदूषण-प्रमाणपत्राची आपली पीयूसी तपासणी मात्र अजून डोळ्यावरच चालते. डिझेल गाडीची रेस वाढवायची आणि धूर किती काळा ते मीटरवर बघायचं. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजलेच जात नाहीत. फोक्सवॅगनच्या गाड्या जुन्या नव्हत्या, धूरही ओकत नव्हत्या. कंपनीने नियमभंग नाकारला. बीएस-फोर या तेव्हाच्या प्रदूषण-मानकात रस्त्यावरच्या चाचणीची अटच नव्हती, असं तिचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला अटकावही केला. हा बचाव मला कंपनीपेक्षा नियमावरचा आरोप वाटतो.

आक्षेप येईल की जुना इंजेक्टर झिजतो, नोझल गळतं. खरं आहे. शिवाय जुन्या गाडीचं मानकच ढिलं होतं: बीएस-थ्री डिझेल कारला किलोमीटरमागे ०.५० ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती, बीएस-सिक्सला ०.०८. पण हा युक्तिवाद मानकाच्या बाजूचा आहे, जन्मतारखेच्या नव्हे. डिसेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गाड्यांना वयावरून होणाऱ्या कारवाईपासून दिलेलं संरक्षण बीएस-फोर आणि पुढच्यांपुरतं ठेवलं, तेव्हा ते निम्मं मान्य झालं. दुसरा आक्षेप जड आहे: मीटरवाल्याला पैसे चारता येतात, नोंदणीची तारीख कुणाला विकत घेता येत नाही. म्हणूनच वयाची अट प्रशासनाला आवडते. पण ती प्रामाणिक आहे म्हणून अचूक ठरत नाही; काटा चोराच्या हाती आहे म्हणून वजन करणंच सोडायचं का? बीएस-सिक्सच्या दुसऱ्या टप्प्यात, एप्रिल २०२३पासून, नव्या मॉडेलची तपासणी रस्त्यावर होते. वापरातल्या गाडीपर्यंत ती पोचवायची, तर पीयूसी केंद्रात नायट्रोजन ऑक्साइडचा मीटर हवा आणि गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी तपासायला हव्यात. खर्च किती, यंत्रं कोणती, याचा मसुदा या संमेलनाने करावा. त्यासाठी समिती नेमावी; वाहन उद्योगातले आणि परिवहन खात्यातले, दोघेही तीत असावेत.