आधी आपल्या हातातला झाडू

(लग्नानंतर चारकोपला गेलेल्या आपल्या गावच्या लेकीने संघाच्या मासिक सभेत केलेलं हे भाषण.)



मी इथलीच लेक. आता मुंबईत, कांदिवली पश्चिमेला चारकोपला राहते. तुम्हाला वाटेल, मुंबईवाली आम्हाला प्राण्यांबद्दल काय सांगणार? पण आमच्या वसाहतीपलीकडे खाडीची तिवरं आहेत. तिथे खेकडे आहेत, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या आहेत, बगळे आहेत, साप आहेत. मुंबईच्या तिवरांत कोल्हेसुद्धा राहतात. पावसाळ्यात बेडूक तर आमच्या जिन्यापर्यंत येतात.

माझ्याच घरची गोष्ट सांगते. मागच्या पावसाळ्यात माझ्या आठ वर्षांच्या मुलाने मित्रांबरोबर दगड मारून एक सरडा मारला. का, तर म्हणे त्याची मान लाल होती, तो रक्त पितो! मी ओरडले, "त्याने तुझं काय वाकडं केलं होतं रे?" तो शांतपणे म्हणाला, "आई, तू पण परवा झाडूने पाल मारलीस. तिने काय केलं होतं?"

बायांनो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरं आपलं बोलणं ऐकत नाहीत, आपले हात बघतात.

मग मी थोडी माहिती घेतली. सरडा कोणाचं रक्त पीत नाही. विणीच्या दिवसांत नराची मान लाल होते, एवढंच. तो किडे खातो. आपल्याकडच्या पालीला विष नसतं. ती डास, झुरळाची पिल्लं, पतंग खाते. मात्र तिच्या अंगावर, विष्ठेत जंतू असतात. म्हणून अन्न झाकून ठेवायचं. पाल मारण्यापेक्षा झाकण ठेवणं सोपं!

पाऊस सरता सरता चतुर उडतात ना, पोरं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात? त्याच्या शेपटीला दोरा बांधून उडवायचा खेळ आपणही खेळलोय. तो चतुर डास खातो. त्याची पिल्लं पाण्यात वाढतात, ती डासांच्या अळ्या खातात. घरात एकाला डेंग्यू झाला तर गटाचा हप्ता कसा चुकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता सापाचं. नागपंचमीला आजी काय सांगायची? आज नांगर धरायचा नाही, चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. का, तर जमिनीतल्या जिवाला इजा होऊ नये. पोरांना ही गोष्ट सांगा. सोबत हेही सांगा की साप दूध पीत नाही, उंदीर-बेडूक खातो. पाटावर काढलेला नाग पुजला तरी पूजा होते, खरा नाग पकडायला नको.

पण आदर म्हणजे लाड नव्हे. आदर म्हणजे अंतर ठेवणं. घोणसाचं पिल्लू अजगराचं समजून पोरं हातात घेतात, आणि ते पिल्लूही विषारी असतं. म्हणून मी घरात चार गोष्टी ठरवल्यात, तुम्हीही ठरवा.

एक, बघायचं लांबून, हात लावायचा नाही. बिळात काठी घालायची नाही.

दोन, घरट्यातून पिल्लू पडलं, तर मोठ्या माणसाने ते अलगद परत घरट्यात ठेवायचं. माणसाचा वास लागला म्हणून आई पिल्लाला टाकते, हा समज खोटा आहे.

तीन, रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. संक्रांतीला नायलॉनचा मांजा आणायचा नाही. 2017 पासून त्यावर देशभर बंदी आहे. पाखरांचे पंख कापले जातात, माणसांचे गळेसुद्धा.

चार, साप घरात आला, तर पोरांना बाहेर काढायचं, त्याच्यावर लांबून नजर ठेवायची आणि वन विभागाच्या 1926 नंबरवर फोन करायचा. साप चावला तर मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना. कुत्रा, माकड, कोल्हा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची. पोरांना एवढंही सांगून ठेवा की चावलं तर लपवू नका, मी रागावणार नाही. मार बसेल म्हणून लपवलेला चावाच जीव घेतो.

खरं सांगते, पाल दिसली की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. हात झाडूकडे जातो. परवा तसाच गेला, तर लेक दारात उभा राहून बघत होता. मी झाडू खाली ठेवला आणि खिडकी उघडली. पाल काही लगेच गेली नाही. आम्ही दोघं तिथेच बसून ती डास कशी टिपते ते बघत राहिलो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या पोरांनी कुठला प्राणी बघितला, ते येऊन सांगायचं. मारलेला नाही हं, बघितलेला!