नावेत बसण्याआधी



मंडळाच्या वाढदिवशी चार शब्द बोलावेत असा तुमचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंत, भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या. यंदा मंडळाची सहल चिखलदऱ्यास न्यायचे घाटत आहे आणि तेथील शक्कर तलावात नावेत बसण्याची पुष्कळ जणींना हौस आहे. म्हणून त्याविषयीच बोलते.

आपला मुलूख खारपाणपट्ट्याचा. आपल्याला पाणी ठाऊक ते हंड्यातले, पुरवून वापरायचे. पोहणे आपल्यातल्या किती जणींना येते? मला तर येत नाही. हौस जरूर करावी, पण डोळे उघडे ठेवून करावी.

काही वर्षांमागे आम्ही घरची माणसे एका तलावावर गेलो होतो. नाव सहा जणांची. आम्ही सहाजण बसल्यावर नावाड्याने आणखी तिघांना चढवले. लाइफ जॅकेटे एका कोपऱ्यात ओली पडली होती. विचारावे असे मनात आले. पण दीर, जाऊबाई, परकी माणसे समोर, आणि साडीवर ते जॅकेट चढवले तर हसू होईल, म्हणून मी गप्प बसले. "बसा ना बाई, काई होत नाई," असे नावाडी म्हणाला. मध्यावर एक मुलगा फोटोसाठी उभा राहिला. नाव कलली, पाणी आत आले. माझी आठ वर्षांची मुलगी माझा पदर घट्ट धरून होती. देवकृपेने नाव सावरली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. सारे दिसत असून मी लाजेपायी बोलले नाही, हेच बोचत राहिले.

सगळ्यांचेच नशीब असे नसते. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. नावेत मर्यादेपेक्षा जास्त माणसे होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेट नव्हते. केरळात थेक्कडीच्या तलावात ३० सप्टेंबर २००९ रोजी सहलीची बोट उलटून ४५ जण बुडाले. ही सारी माणसे आपल्यासारखीच हौसेने गेली होती.

म्हणून सांगते. पैसे देण्याआधी विचारावे की नाव किती जणांची आहे. भाडे माणशी की नावेचे, आणि वेळ किती, हेही तेव्हाच ठरवून पावती घ्यावी. जॅकेट प्रत्येकीने घालावे, पदर खोचून वरून सारे पट्टे आवळावेत. मोठ्यांचे जॅकेट लेकरांच्या अंगातून निसटते, त्यांना त्यांच्या मापाचेच मागावे. वजन दोन्ही बाजूंना सारखे ठेवावे. नावेत उभे राहू नये, काही दिसले म्हणून सगळ्यांनी एका बाजूस धावू नये. वारा सुटला, आभाळ आले तर पैसे गेले तरी चालतील, काठ धरावा. चुकून नाव उलटलीच तर तिलाच धरून राहावे.

तेथून मेळघाटचे जंगल पाहायला जायचे झाले तर गाडीची नोंदणी आधी करावी लागते आणि सोबत वाटाड्या असतो. त्याचे ऐकावे आणि गाडीतून उतरू नये.

भगिनींनो, भाजीवालीशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो, तेव्हा लाज वाटत नाही. मग लेकराच्या जिवासाठी एक प्रश्न विचारायला का वाटावी? आपल्यापैकी एकीने विचारले की दुसरीला बळ येते. माझी मंडळास विनंती आहे की जॅकेट मिळाल्याशिवाय आपली एकही बाई नावेत चढणार नाही, असे आजच ठरवावे. कोणी हसले तर हसू द्यावे. आपण सगळ्या हसत घरी परत येऊ.